सायकलची वाट चौकात तुटू नये

गळीत हंगामात माढा तालुक्यात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर धावतात. त्याच रस्त्यांनी मुलं-मुली सायकलवर शाळेला जातात. ट्रॉली शेजारी आली की डांबराची कड सोडून सायकल मुरमात उतरवावी लागते. या मुलांना ‘जपून जा’ एवढं सांगून भागत नाही. रस्त्यानेच त्यांना जपलं पाहिजे.

त्यामागचं विज्ञान शाळेतलंच आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ताशी 30 किलोमीटरवरून 50 वर गेला, तर तीच गाडी जवळपास पावणेतीन पट ऊर्जेने धडकते. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो असं धरलं, तर 30 च्या वेगातली मोटार कोरड्या रस्त्यावर साधारण 13 मीटरांत थांबते. 50 च्या वेगातली मोटार त्या एका सेकंदातच जवळपास 14 मीटर पुढे गेलेली असते. तिचा ब्रेक तेव्हा कुठे लागायला लागतो.

वेगमर्यादेची पाटी असली, तरी रुंद आणि सरळ रस्त्यावर चालकाचा वेग वाढतोच. म्हणून मार्गिका अरुंद करायची, चौकातलं वळण आखूड ठेवायचं, रस्ता ओलांडण्याची जागा पदपथाएवढी उंच करायची. वर्दळीच्या मोठ्या रस्त्यावर सायकलसाठी कठड्याने वेगळा केलेला पट्टाच हवा.

एकेकाळी सायकलींचं शहर असलेल्या पुण्यात 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतली जलद बससेवा, सुरू झाली. त्या प्रकल्पात सायकल मार्गही झाले, पण ते सलग राहिले नाहीत. कुठे खांब, कुठे उभ्या दुचाकी. आणि टकरीचा धोका सर्वांत जास्त असलेल्या चौकातच वाट संपलेली. 2017 मध्ये महापालिकेने शहरभराच्या जाळ्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला.

नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्ते अपघातांत सुमारे 3,300 माणसं गेली, त्यांत शेकडो मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले. हेग आणि टिलबर्गमध्ये आधी एकेकच मार्ग बांधला गेला; पुढे डेल्फ्टने सगळ्या वस्त्या जोडणारं जाळं विणलं. एकट्या मार्गाने भागत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

माढ्यासारख्या छोट्या गावात अंतरं सायकलच्या आवाक्यातली आहेत. शाळा, बाजार, एसटी स्टँड आणि तहसील कचेरी सलग वाटेने जोडावी, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ऊसवाहतूक त्या रस्त्यांवरून बंद ठेवावी. नगरपंचायतीने पुढचा रस्ता रुंद करण्याआधी सायकलची वाट नकाशावर आखावी. बांधून झालेला रस्ता पुन्हा फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.