आधी काय बंद करायचे?

शिरगाव-सातपाटीच्या किनाऱ्याने उत्तरेकडे गेले की तारापूरचे अणुवीज केंद्र लागते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. अणुभट्टीतील साखळी प्रक्रिया थांबली, तरी इंधनातील किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. बंद केल्याक्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. म्हणून शीतकरण आधी सुरू होते आणि भट्टी थांबल्यानंतरही चालूच राहते. संगणकातही असाच क्रम असतो. अर्थात तेथे चुकले तर बहुधा पडदा गोठतो, इतकेच.

संगणकाला जोडलेले उपकरण ‘डिव्हाइस ड्रायव्हर’मार्फत ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलते. ड्रायव्हर प्रथम स्मृतीत जागा मागतो, नंतर ‘इंटरप्ट’ची, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेल्या हाकेची नोंद करतो. हाकेला उत्तर देणारा भाग तीच जागा वापरतो. उपकरण काढताना जागा आधी परत केली आणि तेवढ्यात हाक आली, तर एव्हाना दुसऱ्याची झालेली जागा बिघडवली जाते. कोसळतो भलताच प्रोग्रॅम, आणि दोषाचा शोधही भलतीकडेच सुरू होतो. म्हणून जे शेवटी घेतले, ते आधी सोडायचे.

लिनक्समध्ये ही आवराआवर पूर्वी हातानेच लिहावी लागे. चौथी पायरी फसली, तर तिसरी, दुसरी, पहिली अशी उलट वाट. ही वाट क्वचितच चालली जाते, त्यामुळे तिची तपासणीही क्वचितच होते. २००७ मध्ये तेजून हिओ यांच्या ‘डेव्हरेस’ व्यवस्थेने हे काम कर्नलकडे सोपवले. घेतलेल्या प्रत्येक साधनाची यादी ठेवली जाते आणि ड्रायव्हर बाजूला होताच ती उलट क्रमाने मोकळी होते.

ही सोय अर्धवट वापरणे मात्र घातक. इंटरप्ट यादीत ठेवला आणि जागा ड्रायव्हरने स्वतःच परत केली, तर क्रम उलटतो. कारण यादीचे काम ड्रायव्हरचा निरोप-विधी आटोपल्यावर सुरू होते. शिवाय यूएसबी उपकरण उपटले, तरी एखाद्या प्रोग्रॅमने त्याची फाइल उघडी धरलेली असू शकते. अशा वेळी उपकरणाबरोबर स्मृती सोडून चालत नाही. किती जण ती वापरत आहेत याची मोजणी ठेवावी लागते, आणि शेवटच्याने हात काढल्यावरच ती जागा मोकळी केली जाते.