परसातील कुमारागार : वनौषधींच्या रोपांसाठी लाकडी हरितगृह

शार्ङ्गधराचार्यांनी काही द्रव्ये सदैव ओलीच वापरावीत असे सांगितले आहे. गुडूची, कुटज, वासा, शतावरी, अश्वगंधा ही नावे त्यांत येतात. पंचविध कषायकल्पनांमध्ये स्वरसाला अग्रस्थान आहे. तथापि आजच्या चिकित्सालयात डोकावले, तर ही द्रव्ये बहुधा शुष्क चूर्णाच्या रूपानेच आढळतात. चूर्णाच्या पुडीवरील नाव वाचता येते. आतील वनस्पती ओळखता येतेच असे नाही. ब्राह्मी म्हणून बाकोपा मोनिएरी आली की सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, आली हे पान, फूल आणि खोड डोळ्यांसमोर असेल तरच निश्चित सांगता येते. आपल्या राज्यात ‘कारिवणा’ या नावाने परिचित असलेली मंडूकपर्णी कित्येक ठिकाणी ब्राह्मी म्हणूनच विकली जाते. दोन्ही मेध्य आहेत हे खरे, परंतु त्या एक नव्हेत.

गुडूचीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर झाला. मुंबईतील काही रुग्णांच्या यकृतविकृतीचा संबंध गुळवेलीच्या सेवनाशी जोडणारा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर आयुष मंत्रालयाने दिलेल्या खुलाशात टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुडूची आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद ओळखण्यावर भर देण्यात आला. त्या वादाचा निर्णय करणे हा या लेखाचा हेतू नाही. रुग्णाला आपण नेमके काय देतो, याचे उत्तर वैद्याला स्वतः देता आले पाहिजे, एवढाच बोध आम्ही त्यातून घेतो. हे उत्तर मिळविण्याचा सर्वांत साधा मार्ग परसातून जातो. नेहमीच्या उपयोगाच्या १०-१२ वनस्पती वैद्याने स्वतः वाढवाव्यात आणि त्यांची रोपे तयार करण्यासाठी एक लहान लाकडी हरितगृह उभारावे, अशी आमची शिफारस आहे.

हरितगृहाचे तत्त्व

हरितगृहाच्या इतिहासात एका वैद्यकव्यवसायीचे नाव महत्त्वाचे आहे. लंडनमधील डॉ. नथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ मध्ये एका बंद काचेच्या बरणीत ओल्या मातीत कीटकाचा कोश ठेवला असता त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलेले त्यांना दिसले. आतील बाष्प दिवसा वर जाऊन काचेवर जमत होते आणि पुन्हा मातीत उतरत होते. या निरीक्षणावरून लाकूड व काच यांच्या बंद पेट्या तयार झाल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून पाठविलेली रोपे सागरी प्रवासानंतर सिडनीस जिवंत पोहोचली. पुढे सिंकोनाची रोपे दक्षिण अमेरिकेतून नीलगिरीकडे आणताना याच प्रकारच्या पेट्यांचा उपयोग झाला.

काचेतून सूर्यप्रकाश आत येतो, माती व पाने तापतात आणि त्यांच्यामुळे तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही, म्हणून आत उष्णता साठते. थंड प्रदेशात हीच गोष्ट हवी असते. महाराष्ट्रात मात्र पूर्ण बंद काचगृह चैत्र-वैशाखात भट्टी ठरेल. आपल्याला उष्णता साठवावयाची नसून प्रखर ऊन, कोरडा वारा आणि पावसाचा मारा या तिहींपासून कोवळ्या रोपाचे रक्षण करावयाचे आहे.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात नवजात बालकासाठी कुमारागाराचे वर्णन केले आहे. ते घर वास्तुविद्येत कुशल असणाऱ्याने बांधावे, त्यात अंधार नसावा, वाऱ्याचा झोत नसावा, पण एका भागात हवा खेळती असावी. ते दृढ असावे आणि श्वापदे, उंदीर व कीटक यांपासून मुक्त असावे, असा त्याचा आशय आहे. रोपांच्या घराची यापेक्षा नेमकी व्याख्या आम्हांस अन्यत्र आढळली नाही. पुढील रचना याच लक्षणांना धरून सांगितली आहे.

जागा आणि माप

१० फूट लांब व ८ फूट रुंद एवढे घर एका वैद्याला पुरेसे होते. सकाळचे ऊन मिळेल, पाणी साचणार नाही आणि मोठ्या वृक्षाची गळ वर पडणार नाही अशी जागा निवडावी. आढे दक्षिणोत्तर ठेवले म्हणजे सकाळी एका पाख्याला व दुपारनंतर दुसऱ्या पाख्याला ऊन मिळून प्रकाश सारखा विभागला जातो. पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येत असल्याने दार उत्तरेच्या बाजूस ठेवावे.

बाजूची उंची ७ फूट व आढ्याची ९ फूट असावी. म्हणजे ४ फुटांच्या अर्ध्या रुंदीवर २ फूट चढ मिळतो. कोकणात व घाटमाथ्यावर हा चढ ३ फूट करावा, अन्यथा छतावरील कापडात पाण्याच्या पखाली तयार होतात.

लाकूड

जुन्या घरांच्या उतरवलेल्या सामानातील सागाचा गाभा सर्वांत उत्तम. तो मुरलेला असल्याने पिळत नाही. मात्र जुना रंग असलेले लाकूड टाळावे. पूर्वीच्या रंगांमध्ये शिशाचा अंश असे, आणि तो खरवडला की मातीत उतरतो. औषधी वनस्पतींच्या बाबतीत हा विचार दुय्यम नाही. वनस्पतिजन्य औषधांत शिसे दशलक्ष भागांत १० भाग, आर्सेनिक ३ भाग, पारा १ भाग आणि कॅडमियम ०.३ भाग यांपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा आयुर्वेदिक फार्माकोपियात दिलेली आहे. याच कारणाने आर्सेनिकयुक्त क्षारांनी प्रक्रिया केलेले लाकूडही वर्ज्य समजावे. क्रिओसोट लावलेल्या लाकडाची वाफ कोवळ्या पानांना बाधते, म्हणून तेही नको. लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते व पाण्याला अटकाव करते. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा, आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी एक हात पुन्हा द्यावा. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत; त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवून मग टाकाव्यात.

साहित्याचा अंदाज असा : ३ × ३ इंचाचे ७ फुटी खांब ६, बाजूच्या तुळया व आडवे बंध मिळून ३ × २ इंचाचे ४४ फूट, आढ्यासाठी १० फूट, आणि २ × २ इंचाचे सव्वापाच फुटी वासे १०. हे सुमारे साडेसहा घनफूट होते. तिरपे आधार, पट्ट्या व दार धरून ८ घनफूट लाकूड पुरते.

उभारणी

१. खांब जमिनीत पुरू नयेत. लाकूड प्रथम कुजते ते मातीच्या पृष्ठभागाशी, जेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. जुन्या वाड्यांत खांब दगडी उथाळ्यावर उभे असत, ते याच कारणाने. दीड फूट खोल खड्ड्यात काँक्रीट भरून त्यात लोखंडी पट्ट्या बसवाव्यात आणि खांब जमिनीपासून ३ इंच वर राहील असा बोल्टने आवळावा. वाळवी चढू लागल्यास तिची मातीची नळी या मोकळ्या जागेत लगेच दिसते.

२. दोन्ही लांब बाजूंना ५-५ फुटांवर ३ खांब येतील. चारी बाजूंचे माप बरोबर असले तरी चौकोन तिरका असू शकतो. दोन्ही कर्ण मोजून ते समान आल्यावरच काँक्रीट ओतावे.

३. खांबांवर तुळया, समोरासमोरच्या खांबांना जोडणारे आडवे बंध, मग आढे व अडीच फुटांच्या अंतराने वाशांच्या ५ जोड्या, या क्रमाने काम करावे. प्रत्येक कोपऱ्यात तिरपा आधार द्यावा. हलक्या घराला स्वतःच्या भारापेक्षा वळवाच्या वाऱ्याची भीती अधिक असते. वाशांच्या कडा रंध्याने गोल कराव्यात, म्हणजे वरचे आवरण फाटत नाही.

४. छतावर व बाजूंना ५० टक्के सावलीची जाळी लावावी. पावसाळ्यात छताच्या जाळीवर अतिनील किरणांना टिकणारे २०० मायक्रॉन जाडीचे पॉलिथीन चढवून लाकडी पट्ट्यांनी दाबावे आणि पावसाळा संपताच काढून ठेवावे.

५. पॉलिथीन आढ्यापर्यंत न नेता दोन्ही बाजूंनी ३ इंच अलीकडे थांबवावे व त्यावर ४ इंचांच्या ठोकळ्यांवर फळीची टोपी बसवावी. जमिनीच्या क्षेत्राच्या १५ ते २० टक्के, म्हणजे येथे १२ ते १६ चौरस फूट, वायुवीजन असावे लागते. टोपीखालून दोन्ही बाजूंनी मिळून पावणेसात चौरस फूट वाट मिळते आणि खालच्या जाळीतून तेवढीच हवा सहज आत येते. तापलेली हवा वरून जाते, थंड हवा खालून येते, पण रोपांवर झोत येत नाही. कुमारागारातील निवात व प्रवात यांचा मेळ तो हाच.

६. आतील जमिनीवर फरशी न करता ३ इंच खडी पसरावी. दोन्ही बाजूंना अडीच फूट रुंद व तेवढ्याच उंच घडवंच्या ठेवाव्यात. मध्ये ३ फुटांची वाट राहते. घडवंचीच्या पट्ट्यांमध्ये एक-एक इंच फट ठेवावी, म्हणजे कुंड्यांखाली पाणी राहत नाही.

रोपांचा विचार

माती, वाळू व मुरलेले शेणखत समभाग घेऊन पिशव्या भराव्यात. ब्राह्मीचे ४-५ इंचांचे तुकडे सतत ओल्या मातीत सहज मूळ धरतात. मंडूकपर्णी आपल्या धावत्या खोडांनी पसरते. पिंपळीला विरळ सावली व दमटपणा मानवतो, म्हणून तिला येथे कायम जागा द्यावी. गुळवेलीचे दोन पेरी असलेले तुकडे ज्येष्ठात लावून, मुळे धरताच बाहेर एखाद्या निंबावर सोडावेत. शतावरीचे बी कठीण कवचाचे असल्याने भिजवून पेरावे व धीर धरावा. सर्पगंधेच्या बियांची उगवण कमी असते. ताजे बी घ्यावे किंवा मुळाच्या तुकड्यांपासून रोप करावे.

देशविचार येथेही सोडून चालत नाही. गुग्गुळ हा जांगल देशाचा वृक्ष आहे. आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी आहे, म्हणून त्याच्या फांद्या लावण्याचा यत्न अवश्य करावा. पण त्याला या घरातील ओलावा दिल्यास तो कुजेल. कुटकी ही हिमालयातील सुमारे ३००० मीटरांवरील वनस्पती. तिचे हवामान जाळी लावून परसात आणता येत नाही. तुळशीला तर सावलीच नको. ती अंगणातच शोभते आणि तेथेच तिला गंध चढतो.

विदर्भ व मराठवाड्यात उन्हाळ्यात दुपारी खडीवर पाणी शिंपावे. त्याच्या बाष्पीभवनाने आतील हवा निवते. कोकणात नेमके उलट धोरण ठेवावे. तेथे पावसाळ्यात रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात, म्हणून बाजू उघड्या, पिशव्या विरळ आणि पाणी बेताचे असावे.

रोप घरात वाढले तरी त्याने घरातच राहावे असे नाही. रसायनाचे कुटीप्रावेशिक व वातातपिक असे दोन प्रकार आपण जाणतो. रोपाला ते क्रमाने द्यावयाचे असतात. लावणीपूर्वी १०-१५ दिवस पाणी थोडे कमी करून प्रथम सकाळच्या, मग दिवसभराच्या उन्हात ठेवावे. सावलीत लांबोडे झालेले, उन्हाला न सरावलेले रोप बाहेर जाताच मान टाकते.

नोंद आणि ओळख

आमच्या मते घर बांधण्याइतकेच महत्त्व नोंदवहीला आहे. प्रत्येक कुंडीला क्रमांक द्यावा. वहीत संस्कृत नाव, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, रोप कोठून आणले, केव्हा लावले, केव्हा फुलले हे लिहावे. फुले आल्यावर एक फांदी दाबून वाळवून जतन करावी व शंका असल्यास वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून ओळख पक्की करून घ्यावी. केवळ पानावरून निर्णय देऊ नये. गुडूचीच्या पानाचा तळ हृदयाकार व खोड गाठींविरहित असते. क्रिस्पाच्या खोडावर लहान लहान गाठी उठलेल्या असतात व ते तोडल्यास दुधट स्राव येतो. हा भेद ग्रंथात वाचून जितका ठसतो त्याहून दोन्ही वेली हाताळून अधिक ठसतो. ओळख पक्की होईपर्यंत त्या कुंडीतील द्रव्य औषधार्थ वापरू नये, हा नियम कसोशीने पाळावा.

एका परसातून साऱ्या चिकित्सेची गरज भागणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु ज्याने गुळवेलीचे पेर स्वतः लावले आहे, त्याच्या हाती बाजारातील शंकास्पद तुकडा आला तर तो थांबून विचारतो. संस्थेच्या प्रत्येक शाखेतील दोन-तीन वैद्यांनी अशी घरे उभारली, तर परस्परांत रोपांची देवाणघेवाण होईल आणि नवोदित वैद्यांना द्रव्य प्रत्यक्ष दाखविता येईल. जवसाचे तेल वाळायला व सांधे बसायला कोरडी हवा लागते, म्हणून फाल्गुन-चैत्रात काम सुरू करावे. मृगाच्या पावसापूर्वी पहिल्या कलमांना घर तयार असेल.