सावकाश पळण्याची वीस वर्षं

मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली १५ फेब्रुवारी २००४ ला. तेव्हा धावलेल्या हौशी मंडळींना आज विचारा, त्या दिवशी तुमचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, काय होता, तर बहुतेक जण हसतात. पेस वगैरे भानगडच नव्हती. बंदूक वाजली की सुटायचं, दम लागला की चालायचं, चालताना कुणी ओळखीचं दिसलं की लाजेकाजेस्तव पुन्हा पळायचं. आज त्याच मंडळींच्या मनगटावर घड्याळ असतं आणि रविवारच्या लाँग रननंतर टपरीवर ‘आज सात-दहाच ठेवायचा होता, पण शेवटच्या तीन किलोमीटरला पोरांच्या नादी लागलो’ अशा तक्रारी ऐकू येतात. मधल्या वीसएक वर्षांत बूट बदलले, घड्याळं आली, खाण्यापिण्याची शास्त्रं आली. माझ्या मते या सगळ्यातली खरी कमाई एकच. हौशी धावक सावकाश पळायला शिकला, आणि नेमकं हेच शिकायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पळणं आपल्याकडे नवं नव्हतं. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत. तिथला मार्ग नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरचा होता, हे ध्यानात घेतलं तर आजच्या ‘सब-थ्री’वाल्यांनीही, म्हणजे तीन तासांच्या आत मॅरेथॉन धावणाऱ्यांनीही, कान पकडावेत. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींतून तो पुढे आला आणि त्याला परदेशी पाठवण्यामागे दोराबजी टाटा होते. आज मुंबई मॅरेथॉनच्या नावाआधी पुन्हा टाटाच लागतं, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन तर १९८३ पासूनची. पण तिथे धावणारे मुख्यतः सैन्यातले, पोलिसांतले, रेल्वेतले, नाहीतर शाळा-कॉलेजातली पोरं. बँकेत नोकरी करणारा, पोट सुटलेला चाळिशीचा गृहस्थ पहाटे रस्त्यावर पळताना दिसला तर कुत्री मागे लागत आणि शेजारी संध्याकाळी ‘घरी सगळं ठीक ना?’ विचारून जात.

२००४ नंतर हाच गृहस्थ रस्त्यावर आला. शिवाजी पार्क, वरळी सी फेस, बोरिवलीचं नॅशनल पार्क, ठाण्याचं येऊर, पुण्यात तळजाई आणि वेताळ टेकडी, कोल्हापुरात रंकाळा अशा ठिकाणी पहाटे गट जमू लागले. सरावाची पद्धत साधी होती. अंतर कुणाच्या तरी स्कूटरच्या मीटरवर मोजलेलं, आणि रोज तेच अंतर जिवाच्या आकांतानं पळायचं. कालपेक्षा आज अर्धा मिनिट कमी लागलं तर प्रगती. दर आठवड्याला कुणाचा तरी गुडघा, कुणाची तरी टाच, कुणाची नडगी धरलेली असे. त्यावर उपाय म्हणजे तेल चोळून पुन्हा तेच. बूट बाटाचे, नाहीतर परदेशातल्या भाच्यानं आणलेले. ते अर्धा नंबर लहान असले तरी कौतुकानं घातले जात आणि पायाची नखं काळी पडत.

या पद्धतीचा हिशेब चुकता व्हायचा पेडर रोडवर. मुंबईच्या फुल मॅरेथॉनमध्ये हा चढ दोनदा लागतो. जाताना अंधार असतो, अंगात जोर असतो, तो चढ कळतही नाही. वरळी, सी लिंक, वांद्रे, माहीम करून परत येताना, ३४-३५ किलोमीटर पायांखालून गेल्यावर, तोच चढ पुन्हा समोर येतो. एव्हाना ऊन आलेलं असतं. जानेवारी असला तरी मुंबईची हवा ओलीच. घाम येतो, पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. इथे एकेक जण अक्षरशः जागच्या जागी थांबताना मी पाहिलाय. पोटरीत गोळा येतो, माणूस रेलिंगला धरून पाय ताणतो, तेवढ्यात दुसऱ्या पायात येतो. फुटपाथवरच्या सोसायटीतल्या बायका टेबल मांडून उभ्या असतात. संत्र्याच्या फोडी, चिक्कीचे तुकडे, वाटीत मीठ. कुणी मिठाची चिमूट जिभेवर ठेवतं, कुणी पोटरीवर स्प्रे मारतं, आणि एखादी आजी ‘झालंच आता’ म्हणते. झालेलं काही नसतं, सात-आठ किलोमीटर उरलेले असतात.

असं का होतं, याचं उत्तर पुढे सगळ्यांना तोंडपाठ झालं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण दोन हजार कॅलरींची. सत्तर किलोचा माणूस एका किलोमीटरला सत्तरेक कॅलरी जाळतो. चरबीही जळते, पण ती सावकाशीनं. जितकं जोरात पळाल तितकी साखर जास्त खर्च होते. म्हणजे पहिल्या दहा किलोमीटरात दाखवलेल्या रुबाबाची वसुली तिसाव्यानंतर होते. गणित शाळकरी आहे, पण पोटातून पटायला दोन-तीन पेडर रोड लागतात.

मग हळूहळू नवे शब्द आले. लाँग स्लो डिस्टन्स, म्हणजे एलएसडी. ही आद्याक्षरं कट्ट्यावर मोठ्यानं उच्चारल्यावर शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी आमच्याकडे कसं पाहिलं ते वेगळं सांगायला नको. नियम एवढाच, की लाँग रनला शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. सांगायला सोपं, पाळायला महाकठीण, कारण आपल्याकडे पळणं म्हणजे शर्यत हे शाळेच्या मैदानापासून रक्तात भिनलेलं. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या अमेरिकेच्या जेफ गॅलोवेनं ठरवून पळा, ठरवून चाला, ही रीत रूढ केली होती. ती इथे आली तेव्हा निम्म्या लोकांना अपमान वाटला. चालायचंच होतं तर बगीच्यात गेलो नसतो का, असं म्हणणारे पुढे चार मिनिटं पळून एक मिनिट चालत सी लिंकवरून आरामात गेले आणि न थांबणाऱ्यांना पेडर रोडवर मागे टाकून आले. स्वतःहून चालणं आणि नाइलाजानं चालणं यांतला फरक तिथे कळला.

आणि आले पेसर. पाठीवर नाहीतर हातात वेळेची पाटी किंवा झेंडा घेतलेला धावक, त्याच्यामागे तीसचाळीस जणांचा घोळका. या घोळक्याला आपण ‘बस’ म्हणतो. दोन तासांत हाफ, म्हणजे अर्धी मॅरेथॉन, करायची तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, आणि तोच वेग पुढे टिकवला तर फुल चार तासांत. पाच तासांची फुल म्हणजे सात-सहा. हे आकडे आता रेल्वेच्या वेळापत्रकासारखे लोकांच्या जिभेवर असतात. दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा जलद पळायचा, म्हणजे ‘निगेटिव्ह स्प्लिट’, ही तर आमच्या गटात जवळजवळ प्रतिष्ठेची गोष्ट झाली आहे. एकूण वेळ फार चांगली नसली तरी स्प्लिट निगेटिव्ह असेल तर माणूस टपरीवर ताठ बसतो.

घाटावर हे शिक्षण साताऱ्यानं दिलं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये तिची गिनीज बुकात नोंदही झाली. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या दिशेनं जायचं आणि त्याच वाटेनं उतरायचं. पावसाळ्याचा शेवट, धुकं, ओला डांबरी रस्ता, वळणावर लेझीम आणि ढोल घेऊन उभी शाळेतली पोरं. ढोल ऐकून चढावर जोर मारणारे बरेच असतात. पण साताऱ्याची खरी परीक्षा उतारावर होते. उतरताना मांड्यांचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावतात, आणि ज्यानं चढावर सगळं उधळलं त्याचे ब्रेक अर्ध्या घाटातच निकामी होतात. दुसऱ्या दिवशी जिना उलटं तोंड करून, कठडा धरून उतरावा लागतो. मुंबईच्या त्यामानानं सपाट रस्त्यावर वेळेचा तोरा मिरवणारे इथे येऊन शहाणे होतात, म्हणून मला ही शर्यत मुंबईपेक्षा जवळची वाटते.

घड्याळानं आणि स्ट्राव्हासारख्या अॅपनं मात्र जे दिलं, त्यातलं बरंचसं परत घेतलं. आपला वेग कळला हे चांगलंच. पण तो इतरांनाही कळू लागला. सोपा रन सोपा ठेवणारा माणूस, चार लोक बघणार म्हणून, शेवटचा किलोमीटर दामटू लागला. सोसायटीच्या गेटपाशी ९.८ किलोमीटर दिसले तर दहा पुरे करायला पार्किंगमध्ये फेऱ्या मारणारी सुशिक्षित माणसं मी पाहिली आहेत. ‘सब-टू’, ‘सब-फोर’, ‘बीक्यू’ म्हणजे बोस्टन मॅरेथॉनला पात्र ठरलेला, अशी एक उतरंडच तयार झाली. नव्या माणसाला नावाआधी टायमिंग विचारलं जातं. मुंबईच्या फुलला प्रवेश घ्यायचा तर आधीच्या शर्यतीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. सुरक्षेच्या दृष्टीनं ते योग्यच, पण त्यामुळे आकड्याचा भाव आणखी वधारला.

बुटांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मध्ये अनवाणी पळायची लाट आली, टाचा दुखवून ओसरली. २०१७ नंतर कार्बन प्लेटचे जाड बूट आले. २०१९ मध्ये व्हिएन्नात केनियाचा किपचोगे तसलेच घालून मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला, आणि २०२० मध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनं तळव्याच्या जाडीला ४० मिलिमीटरची मर्यादा घातली. सात-तीसच्या पेसनं पळणाऱ्याला त्यांचा उपयोग किती, यावर आमच्याकडे वाद होतो आणि वाद घालणारे दोघंही तेच बूट घालून आलेले असतात.

पाण्याबद्दलचं शहाणपण जास्त मोलाचं. आधी सल्ला असायचा, तहान लागण्यापूर्वीच भरपूर प्या. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावकांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं निघालं. अति पाणी पिऊन पाच-पाच तास धावणाऱ्या हौशी लोकांना हा धोका अधिक. पेडर रोडवरच्या त्या मिठाच्या चिमटीकडे म्हणून आदरानं पाहायला हवं, पण पाणीच बेतानं पिणं हा खरा उपाय. आणि चाळिशीनंतर पळायला लागणाऱ्यानं आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, हे आता गटात पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. शर्यतीत कुणी कोसळल्याची बातमी दर एक-दोन वर्षांनी येते, आणि छातीत दुखत असताना ‘अॅसिडिटी असेल’ म्हणून रेटणारे अजून संपलेले नाहीत.

बायकांचं पळणं हा या वीस वर्षांतला दुसरा मोठा बदल. डिसेंबर २०१२ मध्ये मुंबईत अभिनेता मिलिंद सोमणनं खास बायकांसाठी पिंकथॉन सुरू केली, तेव्हा अनेकींचे पहिले तीन किलोमीटर तिथे झाले. २०१६ मध्ये तो अहमदाबादहून मुंबईला पळत येत असताना पंचाहत्तरी ओलांडलेली त्याची आई, उषा सोमण, साडीत आणि अनवाणी त्याच्याबरोबर धावताना दिसली. त्याच दशकात बारामतीत लता करे नऊवारी नेसून, अनवाणी, ज्येष्ठांच्या गटात धावल्या आणि जिंकल्या, कारण नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते. त्यांच्यावर २०२० मध्ये सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला. आपण हौशी लोक ‘रेस गोल’ हा शब्द फार सहज वापरतो, असं मला त्यांचं नाव निघालं की वाटतं. आमच्या गटातल्या बायका साडेचारला निघतात त्या आधी डबे भरून, आणि अंधाऱ्या रस्त्यावर एकीनंही एकटीनं पळायचं नाही, हा त्यांच्या सरावातला पहिला नियम आहे. पुरुषांच्या कुठल्याच ट्रेनिंग प्लॅनमध्ये हे कलम नसतं.

जानेवारी २०२० ची मुंबई झाली आणि दोन महिन्यांत कोरोनामुळे सगळं बंद. लोक गच्चीवर, पार्किंगमध्ये, अगदी हॉलमध्ये सोफा सरकवून पळाले, व्हर्च्युअल रनची पदकं कुरियरनं घरी आली. मुंबई मॅरेथॉन परतली ती थेट १५ जानेवारी २०२३ ला. या मधल्या काळानं एक भलं केलं. समोर शर्यतच नसल्यामुळे लोकांनी मुकाट सोपे किलोमीटर जमवले. ‘झोन टू’चं, म्हणजे नाडीचे ठोके कमी ठेवून पळण्याचं, खूळ पसरलं ते याच सुमारास. १८० मधून वय वजा करा, नाडीचे ठोके त्याखाली ठेवा, हे अमेरिकन प्रशिक्षक फिल मॅफेटोनचं जुनं सूत्र नव्यानं फिरू लागलं. मुंबईच्या मे महिन्यात ठोके त्याखाली ठेवायचे तर बहुतेकांना चालावंच लागतं. गटातले अर्धे म्हणतात यानंच सुधारणा झाली, उरलेले म्हणतात आठवड्यातून एकदा फुफ्फुसं फाटेस्तोवर आठशे मीटरचे तुकडे पळाल्याशिवाय काही होत नाही. दोघांचंही बरोबर आहे, पण हे त्यांना मान्य नाही.

आता पुणे, ठाणे, वसई-विरार, सातारा, नाशिक, नागपूर, गोव्यात चिखली, असं वेळापत्रक ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत गच्च असतं आणि जवळपास प्रत्येक शर्यतीला पेसर लागतात. पावणेदोन तासांच्या बससाठी उमेदवारांची रांग लागते, त्यात मिरवणं असतं. अडीच तासांच्या बसमागे सगळ्यात जास्त माणसं पळतात, त्यांतली निम्मी पहिल्यांदाच हाफ करत असतात, आणि तिथला पेसर मिळता मिळत नाही. कारण पावणेदोन तासांत पळणाऱ्या माणसाला झेंडा हातात धरून, वाटेत तिघांचे गोळे काढत, चौघांना ‘आत्ता नको, पुढे जोर लाव’ म्हणत, किलोमीटरला सात मिनिटं सहा सेकंद हा वेग एकवीस किलोमीटर टिकवायचा असतो. गेल्या हंगामात आमच्या गटातून या बससाठी दोघं मिळाले. यंदा तिसऱ्याची मनधरणी चालू आहे, तो म्हणतो इतकं सावकाश मला जमणार नाही.