डब्यातली काटकसर

मुलीच्या अभ्यासासाठी डेस्कटॉप असेंबल करून घ्यायला मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर गेलो होतो. बजेट बेताचं. प्रोसेसर भारी घेतला आणि पैसे वाचवले ते एसएमपीएसवर. कॅबिनेटसोबत आला तोच ठेवला. वाटलं, पत्र्याचा डबाच तर आहे!

पावसाळ्यात एकदा वीज गेली, झटक्यात परत आली आणि तो डबा मदरबोर्डलाही सोबत घेऊन गेला. भारी प्रोसेसर नुसता बसून राहिला.

घरातल्या २३० व्होल्टच्या विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा हाच डबा करतो. चांगला असेल, तर गडबड होताच स्वतः बंद पडून बाकीच्यांना वाचवतो.

म्हणून आधी काम ठरवा. लिखाण, हिशेब, इंटरनेट एवढंच असेल, तर अंगभूत ग्राफिक्सचा साधा प्रोसेसर पुरतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या. संगणक चटकन सुरू होतो. रॅमसाठी एक स्लॉट मोकळा ठेवा, पुढे वाढवता येईल. मॉनिटर, कीबोर्ड जुने चालतील. एसएमपीएस मात्र नवा, वॉरंटीचाच घ्या.

दुसऱ्यांदा दुकानात गेलो, तेव्हा मुलगीच म्हणाली, "बाबा, आधी डबा बघू या!"