‘बरे होणे’ आणि ‘बरे वाटणे’ : उपशामक शुश्रूषेतील भाषेचे स्थान

प्रकृतीविषयी बोलताना मराठीत ‘बरे’ हा शब्द दोन क्रियापदांबरोबर नित्य योजिला जातो. ‘ती बरी झाली’ आणि ‘तिला बरे वाटते’ ही वाक्ये वरवर पाहता समानार्थक भासतात. परंतु त्यांची घडण भिन्न आहे. पहिल्या वाक्यात आजारी व्यक्ती प्रथमेत आहे. ती बरी झाली किंवा नाही, हे डॉक्टर सांगू शकतो, तपासणीचा अहवाल सांगू शकतो. दुसऱ्या वाक्यात तीच व्यक्ती चतुर्थीत येते. येथे ती अनुभव घेणारी आहे, आणि त्या अनुभवाची साक्ष तिच्यावाचून अन्य कोणास देता येत नाही. दुसरा कोणी ‘तिला बरे वाटते’ असे म्हणतो, तेव्हा तो तिच्या सांगण्याचा अनुवाद तरी करीत असतो, किंवा तिच्या मुद्रेवरून अनुमान तरी करीत असतो.

व्याकरणातील हा भेद वैद्यकाच्या एका संपूर्ण शाखेचा पाया आहे, असे म्हणावयास हरकत नाही. कर्करोग, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा बळावलेला विकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश अशा आजारांत रोग्यास बरे करणे पुष्कळदा शक्य नसते. तथापि त्याला बरे वाटावे यासाठी करण्याजोगे पुष्कळ असते. हे कार्य करणाऱ्या सेवेस उपशामक शुश्रूषा म्हणतात. ती केवळ अखेरच्या दिवसांसाठी नसून, गंभीर आजाराचे निदान झाल्यापासून इतर उपचारांच्या जोडीने द्यावयाची असते. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर हे रुग्णालय काढून तिला आधुनिक रूप दिले. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी चारही अंगे असलेल्या ‘समग्र वेदने’ची कल्पना त्यांचीच. महाराष्ट्रात मुंबईचे शांती अवेदना सदन १९८६ पासून, आणि पुण्याजवळ वारजे येथील सिप्ला केंद्र १९९७ पासून हे कार्य करीत आले आहे. केंद्र शासनाने २०१२ साली यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखला. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते, आणि त्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांना ती मिळते.

ही तूट खेड्यात अधिक जाणवते. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. विंचूरकर सरदारांमुळे इतिहासात आणि कांद्याच्या बाजारामुळे व्यापारात परिचित असलेल्या या गावाभोवती द्राक्षबागा आहेत. अशा गावातील एखादी मजूर स्त्री नाशिकला किंवा मुंबईला मोठ्या रुग्णालयात जाऊन परत येते, अशी कल्पना करावी. तिच्या हातातील कागदपत्रे इंग्रजीत असतात. घरच्यांच्या कानात ‘आता काही करता येण्यासारखे नाही, घरी न्या’ हे एकच वाक्य घुमत असते. या वाक्यात ‘बरे करता येणार नाही’ एवढाच अर्थ अभिप्रेत असला, तरी ऐकणारा ‘बरे वाटण्यासाठीही काही उरले नाही’ असा अर्थ घेतो. तिच्या रात्री कशा जाव्यात, याचा निर्णय एका क्रियापदाच्या संदिग्धतेने होऊन जातो.

वास्तविक या टप्प्यावर तिचे बोलणे हेच निदानाचे मुख्य साधन ठरते. वेदना मोजणारे यंत्र नाही. आहे तो वेदनेचा शब्द. मराठीत हा शब्दसंग्रह मोठा असून तो नेमका आहे. हाडातील किंवा पू धरलेल्या गाठीतील दुखणे ‘ठणकते’. आतड्यासारख्या पोकळ अवयवातील दुखणे ‘कळा’ देते, ‘मुरडा’ मारते, म्हणजे ते येते, चढते आणि ओसरते. मज्जातंतूंना इजा झाली असता ‘आग होते’, ‘मुंग्या येतात’, ‘चमक निघते’, कधी नुसते वस्त्र लागले तरी त्वचा ‘हुळहुळते’. या शब्दांतील भेद उपचारांतही उतरतात. मज्जातंतूंच्या वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या पुष्कळदा अपुऱ्या पडतात. तेथे मुळात नैराश्यावर किंवा अपस्मारावर योजिली जाणारी काही औषधे अल्प मात्रेत उपयोगी ठरतात. पोटातील कळांसाठी स्नायूंचा पीळ सोडविणारे औषध लागते. रोगी ‘आग होते’ म्हणाला आणि टिपणात केवळ ‘दुखते’ एवढेच उतरले, तर वेदनेचा प्रकारच हरवतो.

प्रकाराप्रमाणेच प्रमाणाचाही प्रश्न आहे. रुग्णालयात ‘शून्य ते दहा यांपैकी किती दुखते?’ असे विचारण्याची पद्धत आहे. शाळेचा फारसा संबंध न आलेल्या वृद्धास हा प्रश्न परका वाटतो, आणि तो ‘लई दुखतं’ एवढेच उत्तर देतो. परंतु त्याच वृद्धाला औषधाचा गुण विचारला, तर ‘रुपयातले चार आणे फरक हाय’ असे तो सहज सांगून जातो. दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ रोजी अमलात आली आणि आणा व्यवहारातून गेला; मापाचे परिमाण म्हणून मात्र तो बोलण्यात टिकून आहे. पिकाच्या अंदाजाला पूर्वी आणेवारी म्हणत, आज पैसेवारी म्हणतात. आणि ५० पैशांहून कमी पैसेवारी म्हणजे टंचाई, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. अदृश्य गोष्टीचा अंशात्मक अंदाज करण्याची सवय त्याच्या भाषेत मुळातच आहे. तेव्हा ‘रुपयात किती आणे दुखणे उरले?’ असा प्रश्न विचारणे हा शास्त्राशी तडजोड करण्याचा प्रकार नव्हे. योग्य परिमाण निवडण्याचा तो प्रकार होय.

औषधांच्या नावांचीही अशीच स्थिती आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडावाटे द्यावयाचे मॉर्फिन हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली मांडलेल्या वेदनाशमनाच्या पायऱ्यांपैकी वरच्या पायरीवरील औषध आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते मिळणे दुष्कर झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी नियम सुलभ करण्यात आले. कायद्याची अडचण कमी झाली, तरी शब्दाची अडचण उरते. ‘गुंगीचे औषध’, ‘अफूचे औषध’ असे नाव पडले, की ते घेणे म्हणजे शेवट जवळ आला, अशी समजूत घरात पसरते. वास्तविक योग्य मात्रेत, ठरलेल्या वेळी आणि बद्धकोष्ठावरील औषधाच्या जोडीने दिले, तर ते रोग्यास शांत झोप देते आणि दिवसा माणसांत बसू देते. कळ असह्य होईपर्यंत थांबून गोळी देण्याची रीत मात्र चुकीची आहे. वेदना परतण्यापूर्वी पुढची मात्रा पोटात गेली पाहिजे.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. ‘बरे होणे’ व ‘बरे वाटणे’ यांतील सीमा बोलण्यात नेहमीच काटेकोर नसते. ‘या गोळीने बरे वाटेल’ हे आश्वासन ‘या गोळीने बरी होशील’ असे ऐकले जाण्याचा संभव असतो. त्यातच ‘तिला काही सांगू नका’ अशी विनंती घरच्यांनी केलेली असते. त्यांचा हेतू मायेचा असतो. पण जिची साक्ष सर्वाधिक मोलाची, तिच्याशीच बोलणे त्यामुळे खुंटते. अशा वेळी सर्व काही सांगून टाकणे किंवा सर्व काही लपविणे, हे दोनच मार्ग नसतात. ‘तुम्हाला काय वाटतं, कशामुळे हे होत असेल?’ असा प्रश्न विचारून, तिला जेवढे जाणून घ्यावयाचे असेल तेवढेच, तिच्या गतीने सांगणे हा तिसरा मार्ग होय.

‘शुश्रूषा’ हा शब्दच या मार्गाकडे बोट दाखवितो. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूचे ते इच्छार्थक रूप असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा हा अर्थ मागाहून आला. इंग्रजीतील ‘पॅलिएटिव्ह’ या शब्दाच्या मुळाशी ‘पांघरूण’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. दोन्ही कल्पना उचित असल्या, तरी पांघरूण कोठे घालावयाचे हे ऐकल्यावाचून कळत नाही.

नाशिक जिल्ह्यातच इगतपुरी तालुक्यात सार्वजनिक आरोग्ययंत्रणेमार्फत ग्रामीण उपशामक सेवेचा प्रयोग झालेला आहे. अशा सेवेत घरोघरी जाणारी आशा कार्यकर्ती रोग्याच्या बोलीतच वाढलेली असते. तिने ऐकलेले शब्द बिघडू न देता डॉक्टरपर्यंत पोहोचावेत, यासाठी वेदनावाचक शब्दांचा तालुकावार कोश, प्रत्येक शब्दाचा अवयव, काळ आणि तीव्रता यांच्या नोंदींसह तयार होणे आवश्यक आहे. ‘ठणकते’ आणि ‘सलते’ यांत विंचूरला काय फरक मानतात, आणि तोच फरक बागलाणात किंवा कोकणात टिकतो काय, हे क्षेत्रीय अभ्यासावाचून कळणार नाही. भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हे काम साध्य आहे, आणि त्याचा उपयोग कोणाला होणार हे आरंभापासूनच स्पष्ट आहे.