कार्ड मोटर का पाडत होतं

टेंभुर्णीच्या शिवारात आमच्या विहिरीवर साडेसात हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर आहे. तिच्या स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत वीसेक वर्षांचं जुनं सिंगल फेज प्रिव्हेंटर कार्ड बसवलेलं आहे. दोन ट्रान्झिस्टर, एक रिले आणि तीन छोटी कडी. मोटरकडे जाणारी एकेक वायर एकेका कड्यातून ओवलेली. चालत्या मोटरचा एक फेज गेला की उरलेल्या दोन वायरी जास्त करंट ओढतात आणि वायंडिंग जळतं. त्याआधी मोटर पाडायची, एवढंच कार्डाचं काम.

गेल्या उन्हाळ्यात ते ऐन पाण्याच्या पाळीत मोटर पाडायला लागलं. जाऊन बघावं तर पेटीवरचे लाल, पिवळा, निळा तिन्ही दिवे लागलेले. अण्णा म्हणाले, "कार्ड गेलंय. काढ आन् डायरेक्ट कर." डायरेक्ट केलेल्या मोटरी रिवायंडिंगला गेलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून मोटर पडते तेव्हा तिन्ही फेज असतात का ते मोजून बघायला आठ दिवस मागून घेतले.

ईएसपी३२ ही चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ साली आणली. काडेपेटीएवढ्या बोर्डावर ती वायफायसकट मिळते. मी तिच्यावर नुकताच एलईडी लावायला शिकलो होतो. तिच्या पिनेला ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाही, आणि पेटीत दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट. त्यामुळे पेटीतलं सगळं काम वायरमनकाकांनी मेन बंद करून केलं. प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० चे ६ व्होल्ट करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, त्यापुढे ब्रिज आणि कपॅसिटर, मग १० आणि ३.३ किलोओहमचे रेझिस्टर. पिनेवर व्होल्टेज साधारण पावपट होऊन येतं. रात्री लाइनचं व्होल्टेज चढतं, त्याला जागा ठेवावी लागते. कार्डाच्या रिलेचा एक मोकळा कॉन्टॅक्टही बोर्डाला जोडला, म्हणजे ट्रिप नेमकी कधी झाली ते कळेल.

वायफाय सुरू केलं की आकडे गोठायचे. दोन रात्री मी सोल्डरिंग तपासत बसलो. चूक पिनांची होती. या चिपमध्ये व्होल्टेज मोजणाऱ्या पिनांचे दोन संच आहेत आणि वायफाय चालू असताना दुसरा संच भरवशाचा राहत नाही. पहिल्या संचातल्या ३२ ते ३६ आणि ३९ अशा सहाच पिना माझ्या बोर्डावर बाहेर काढलेल्या. तीन वायरी तिकडे हलवल्या आणि आकडे पळू लागले.

चौथ्या दिवशी मोटर पडली. फोन बोर्डाच्या वायफायला जोडून नोंद उघडली. ट्रिपच्या क्षणी २३१, २२८, २०४. तिन्ही फेज हजर! निळा थोडा कमी, पण आमच्या लाइनला एवढा फरक रोजचा. कार्डच खोटं, असं मीही म्हणालो.

काकांनी आकडे वाचले आणि म्हणाले, "व्होल्टेज काय बघतुयास? करंट बघ की." फिरत्या मोटरचा एक फेज तुटला, तरी मोटर स्वतःच त्या वायरीवर व्होल्टेज तयार करते. पुरवठ्याएवढं नाही, पण दिवा लावण्याइतकं. तीन दिवे बघून अण्णा फसले होते, ट्रान्सफॉर्मर लावून मी.

मग तीन करंट ट्रान्सफॉर्मर आणले, वायरीभोवती चिमट्यासारखे बसणारे. १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देतात. त्यावर ३३ ओहमचा रेझिस्टर. काकांनी बजावलं की वायरीत करंट असताना हा रेझिस्टर सुटू द्यायचा नाही, नाहीतर उघड्या टोकांवर व्होल्टेज उसळतं. उरलेल्या तीन पिना इथे लागल्या. नोंद सेकंदाला दहा वेळा.

सहाव्या दिवशी सापडलं. ११, ११, ११ असे चाललेले करंट एकदम १८, १८, ० झाले. निळ्याचं व्होल्टेज २०४ वरच. चार सेकंदांनी कार्डाने मोटर पाडली.

मेन पाडून निळ्या फेजचा किटकॅट फ्यूज उपसला. तार शाबूत होती, पण आतली पितळी पट्टी जळून काळी पडलेली, स्क्रू ढिला. मोटरचा करंट वाहताना तो सांधा तापून सुटायचा. मोटर बंद झाली की दिव्यापुरता करंट पुन्हा सोडायचा. म्हणून जाऊन बघणाऱ्याला तिन्ही दिवे दिसत. कार्डाची तीन कडी वर्षानुवर्षं वायरींतला करंटच मोजत होती. मी तेच मोजायला सहा दिवस घेतले.

किटकॅट बदलला, तिन्ही फेजचे स्क्रू आवळले. आता १०.८, ११.१, १०.९ असे आकडे येतात. कार्ड आहे तिथेच आहे. ते चार सेकंद थांबतं ते एका जुन्या कपॅसिटरच्या जोरावर, आणि असे कपॅसिटर वयाने सुकतात. म्हणून काकांना सोबत घेऊन दर महिन्याला मेन बंद असताना एक फेज सोडून ठेवायचा, मग मेन लावून मोटर क्षणभर चालू करायची आणि कार्ड किती वेळ घेतं ते नोंदवायचं ठरवलंय. पहिली नोंद ४.१ सेकंद.