लग्न झालं तरी हिस्सा राहतो

भाईंदर, काशीमिरा भागात वडिलोपार्जित जमीन विकायला निघाली की बहिणीपुढे हक्कसोडपत्र (हिस्सा सोडल्याचा दस्त) येतं. ‘ताई, तुझं लग्न झालं, आता नुसती सही हवी,’ असं सांगतात. हा समज चुकीचा आहे. हिंदू वारसा कायद्यानुसार मुलगी जन्मानेच सहदायक (वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार) असते. जन्मदाखल्यासारखंच हे: लग्नाने आडनाव बदलेल, जन्म बदलत नाही.

गैरसमजाला कारणही आहे. महाराष्ट्राने केंद्राच्या अकरा वर्षं आधी, १९९४ मध्ये, मुलींना हा हक्क दिला. पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. २०१५ मध्ये पाऊल मागे पडलं: ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात नसतील तर हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. किती बहिणींनी तिथेच आशा सोडली असेल! ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीही अट गळाली.

२० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र कायम राहते. उत्तनच्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा वेगळा कायदा लागू आहे. त्यातही मुलगा-मुलगी समान. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजी रद्द होत नाही, म्हणून सहीआधी ते पूर्ण वाचून घ्यावं.